पाव पायाचा नव्हे! आवाज जुळला म्हणून नातं जुळतं का?

शब्दवाटा
आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पाव कधी आला नाही. "पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात," हे तिचं कारण. परवा तेच वाक्य घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलं आणि शिकल्यासवरल्या माणसांना ते पटलंही. मला हे फार लागलं, म्हणून हा धागा.

खायचा पाव पोर्तुगीज 'पाउं'वरून आला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली. बटाटा, पगार, चावी यांच्याबरोबर हाही शब्द आपल्याकडे रुजला. 'पाव किलो साखर' मधला पाव संस्कृत 'पाद'चा, म्हणजे चौथा हिस्सा. 'देव पावला' मधला तिसराच, 'प्राप्'पासून आलेला. दुकानदाराची पावती त्याच घरातली. पोर 'पाव किलो पाव द्या' म्हणतं तेव्हा एका दमात एकमेकांना परके असलेले दोन शब्द बोलून जातं.

बाहेर पाहिलं तर आणखी मौज. कातालान भाषेत 'पाउ' म्हणजे शांतता. हवाई बेटांच्या भाषेत 'पाउ' म्हणजे संपलं. खुद्द पोर्तुगीजमध्ये 'पाउ' म्हणजे लाकूड; तोच नाकात उच्चारला की पाव. यांना एका माळेत ओवणं थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

भट्टीवरचा
साफ असहमत. माझे आजोबा बेकरीत कामाला होते. मोठा घाणा असला की मैदा पायाने तुडवत, त्यांनी स्वतः तुडवलाय. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, त्याला अडाणीपणा म्हणू नका. आणि 'पाद' म्हणजे पाय आणि 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा, हे एकच ना? मग पायाचा संबंध हवेतून आलेला नाही.

शब्दवाटा
पाय आणि चौथा हिस्सा यांचं नातं अगदी खरं. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे पाव भाग. पाऊण म्हणजे 'पाद-ऊन', पाव कमी. सव्वा म्हणजे 'सपाद'. आजोबांचं सांगणंही मी नाकारत नाही. पण लिस्बनमध्ये हाताने मळलेल्यालाही पाउंच म्हणतात. त्याच्यामागे लॅटिन 'पानिस', स्पॅनिश 'पान' त्याचा भाऊ. त्यात पाय कुठेच नाही. आजोबांनी पाय लावायच्या कितीतरी आधी नाव ठरलेलं होतं.

सातासमुद्र
मी सिंगापूरला राहते. इथे आत सारण भरून वाफवलेल्या गोळ्याला 'पाउ' म्हणतात. जपानीत ब्रेड म्हणजे 'पान', सिंहलीतही 'पान'. सगळीकडे पीठ मळून केलेलाच पदार्थ आणि सगळीकडे 'पा'. इतकं सगळं योगायोगाने होतं हे मला पटत नाही. जुनं काहीतरी समान असणारच.

अर्धविराम
ताई, तुम्ही दिलेली उदाहरणं दोन निरनिराळ्या घरची आहेत. जपानी आणि सिंहली 'पान' आपल्या पावाचेच सख्खे: पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले, श्रीलंकेतही त्यांचं राज्य होतं. बंगाली 'पाउरुटी'तला पाउ तोच. सिंगापूरचा 'पाउ' मात्र चिनी, मंदारिनमध्ये 'बाओ'. मूळ अर्थ गुंडाळणं. पदार्थ जवळचा, नाव वेगळ्या कुळातलं.

आखूड शब्दांत असं होणारच. तोंडातून निघणारे ध्वनी मोजके, भाषा हजारो. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, आवाज जवळजवळ एक, नातं शून्य. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत, आणि तो शब्द इंग्रजीतून घेतलेला नव्हता.

उलट आपला 'पाद' आणि इंग्रजी 'फूट' कानाला अजिबात जुळत नाहीत, तरी ते सख्खे आहेत. 'पितृ' आणि 'फादर' पाहा: आपल्या 'प'च्या जागी तिकडे 'फ'. असं शब्दामागून शब्द बदलत जातं तेव्हा नातं सिद्ध होतं. एका जोडीवर नाही.

सातासमुद्र
'पाद' आणि 'फूट'चं ऐकून थांबले. पाउबद्दलचं म्हणणं मागे घेते.

भट्टीवरचा
पोर्तुगीज मूळ मान्य. तरी शब्दकोशात 'पायाने मळलेला' हा समज नोंदवायलाच हवा. शंभर घरांत त्यामुळे पाव शिजलेल्या अन्नात धरला गेला नाही, पाव भाजणाऱ्यांकडे खालच्या नजरेने पाहिलं गेलं. माझ्या आजोबांनी ते सोसलं. शब्दाचं मूळ खोटं असेल, त्यापायी सोसलेलं खोटं नाही.

शब्दवाटा
हे मला सुचलंच नव्हतं. 'लोकसमज, मूळ नव्हे' असं स्पष्ट छापणार असतील तर माझी हरकत नाही. नुसतं 'असेही म्हणतात' लिहून सोडणार असतील तर मात्र विरोध कायम. माझ्या आजीलाही कुणीतरी 'असेही म्हणतात' म्हणूनच सांगितलं असणार.