प्रतिसाद: खरं लिहायचं, पण सुरुवात कुठून?

वर दोघांनी विचारलंय की स्वतःचं खरं लिहायला बसलं की निबंध का होतो. माझाही झालेला. वडिलांवर दोन पानं लिहिली, ‘अपार कष्ट उपसले’ वगैरे. बहिणीला वाचून दाखवली तर म्हणाली, “हे दशक्रियेच्या पत्रिकेवर छाप.”

मग तिनेच विचारलं, तुला त्यांचा कुठला एक दिवस आठवतो? मला आठवला दहावीच्या निकालाचा. मी नापास. अण्णा कापूस विकून अमळनेरहून आलेले, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, टोपीच्या घडीत पट्टीची पावती. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, पावतीसोबतच घडी करून ठेवली आणि म्हणाले, “जाऊ दे, मी शे ना.”

तेवढंच लिहिलं. ‘शे’चं ‘आहे’ केलं नाही. केलं असतं तर ते अण्णा राहिले नसते. अहिराणी संवादांची लाज सोडा, वाचणाऱ्याला कळतं. लिहिता येत नसेल तर बोला आणि कुणाला तरी उतरवून घ्यायला सांगा; आपल्या जळगावच्या बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं? त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी त्यांच्या कविता उतरवून ठेवल्या म्हणून आज आपण वाचतो.

घरच्यांचं नाव घालावं का, यावर माझं मत: आधी त्यांना वाचून दाखवा. माझ्या लिखाणात काकांच्या उधारीचा एक परिच्छेद होता, झकास जमलेला (असं मला वाटायचं). काका ऐकताना गप्पच बसले. रात्री काढून टाकला.