सर्व्हिस थांबत नाही? 10 सेकंद द्या आणि किल मारा

टर्मिनलराव
सर्व्हर रीबूट करायला घेतला की स्क्रीनवर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग', आणि पुढे दीड मिनिटाचा काउंटर. आमच्याकडे रांगेतून कामं उचलून एसएमएस पाठवणारी पायथनची सर्व्हिस आहे, तिचं दर वेळी हेच. जर्नलमध्ये (सिस्टमच्या लॉगमध्ये) एकच ओळ: 'स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट. किलिंग.' म्हणजे 'थांब' अशी विनंती करणारा सिग्नल, सिगटर्म, ऐकला नाही, की लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा सिस्टमडी शेवटी सक्तीने मारणारा सिगकिल मारतोच. मग 90 सेकंद ताटकळायचं कशाला? सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे युनिट फाइलमध्ये, थांबायची मुदत टाइमआउटस्टॉपसेक=10 टाका आणि मोकळे व्हा. जो प्रोग्रॅम 10 सेकंदांत आवरत नाही, तो 90 सेकंदांतही आवरत नाही.

रात्रपाळी
शेवटचं वाक्य साफ चूक. मारियाडीबी या डेटाबेसची युनिट फाइल उघडा: टाइमआउटस्टॉपसेक 900, वर सेंडसिगकिल=नो, म्हणजे सिगकिल मारायचाच नाही. मेमरीतली पानं डिस्कवर उतरवायला वेळ लागतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला सिगटर्म दिला तर तो नवीन कनेक्शन घेत नाही, पण जुने क्लायंट आपणहून जाईपर्यंत बसून राहतो. म्हणून त्यांच्या नमुना युनिटमध्ये किलसिग्नल=सिगइंट असतं, म्हणजे सिगटर्मऐवजी क्लायंटची वाट न बघता आवरायला लावणारा सिग्नल. कोण का थांबलंय हे न बघता सगळ्यांना एकच काठी?

टर्मिनलराव
डेटाबेसचं कोण बोलतंय? माझी सर्व्हिस एसएमएस पाठवते हो. आणि फेडोरा लिनक्सनेही 38व्या आवृत्तीत 90चे 45 केलेच की.

पीआयडी_एक
45 केले, 10 नाही. मूळ प्रस्ताव 15चा होता, तो तसाच्या तसा गेला नाही.

राव, ते 90 सेकंद फुकट घालवू नका, तीच तर तपासायची वेळ. एका टर्मिनलवर स्टॉप द्या, दुसऱ्यावर /प्रॉक/पीआयडी/स्टेटस बघा (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर). त्यात सिग्नलांचे मास्क, म्हणजे दर सिग्नलला एक बिट अशा याद्या, हेक्समध्ये (16च्या पायात) असतात. सिगटर्म म्हणजे 15 नंबर, म्हणजे 4000चा बिट. तो 'सिग-इग्न'मध्ये दिसला तर प्रोग्रॅम सिग्नल कानाआड करतोय. 'सिग-सीजीटी'मध्ये दिसला तर हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावलेला आहे, पण पुढे गाडी अडतेय.

तुमचं या दुसऱ्या प्रकारचं असणार, पैज लावतो. हँडलरमध्ये फक्त 'रनिंग = फॉल्स' केलंय ना? मेन थ्रेड सॉकेटच्या रिसीव्हवर, म्हणजे नेटवर्कवरून काही येण्याची वाट बघत बसलेला. पायथन 3.5पासून असा कॉल सिग्नलने तुटला आणि हँडलरने एक्सेप्शन फेकलं नाही, तर पायथन तोच कॉल परत लावतो. फ्लॅग बदलला, पण तो बघायला लूप फिरतच नाही! रांगेत नवीन काम आलं तरच सुटका. पाय-स्पाय (चालू पायथन प्रोग्रॅम कुठे अडलाय ते दाखवणारं टूल) डंप मारलात तर नेमकी ओळ दिसेल. सॉकेटला एक सेकंदाचा टाइमआउट द्या, फ्लॅग तपासा, थांबायचं नसेल तर परत रिसीव्ह. दोन-तीन ओळींचं काम.

किल मारत राहिलात तर एखाद्या दिवशी एसएमएस गेलेला असेल पण रांगेला काम झाल्याची पोच दिलेली नसेल. सर्व्हिस उठल्यावर तेच काम परत, ग्राहकाला ओटीपी दोनदा.

एनएफएसपीडित
आणि किलने प्रश्न सुटतोच असंही नाही. पीएस कमांडमध्ये स्टेट 'डी' असेल तर प्रोसेस कर्नलमध्ये आयओची वाट बघत असते, कित्येकदा सिगकिलही तिथे पोचत नाही. हाताने स्टॉप केलं तर सर्व्हिस झटक्यात थांबते आणि फक्त रीबूटला लटकते, असं असेल तर आधी युनिट फाइलमधलं 'आफ्टर=' (कोणानंतर चालू व्हायचं) बघा. बंद होण्याचा क्रम चालू होण्याच्या बरोबर उलटा असतो. आफ्टर=नेटवर्क.टार्गेट लिहिलंच नसेल तर नेटवर्क आधी जाऊ शकतं आणि सर्व्हिस मेलेल्या कनेक्शनवर बोंबलत बसते.

टर्मिनलराव
रिसीव्हचं पटलं, टाइमआउट टाकतो. पण 10 मी काढणार नाही. रात्री दोनला पॅच मारताना दीड मिनिट फार मोठं असतं, आणि पुढचा डेव्हलपर परत तसंच लिहिणार.

रात्रपाळी
ठेवा 10. मग दोनदा जाणं टाळायला पोच काम करायच्या आधी द्यावी लागेल, म्हणजे मध्येच मेली तर एसएमएस जाणारच नाही. दोनदा गेलेला चालेल की न गेलेला, हे क्लायंटला विचारून ठरवा.

टर्मिनलराव
तो म्हणेल, दोन्ही नको, आणि रीबूटही पाच मिनिटांत हवा.