बी.एस्सी. करता करता नीट: एमबीबीएसची शक्यता तुम्ही कशावरून ठरवली?

माझा धाकटा भाऊ वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या मे महिन्यात एमबीबीएस प्रवेशाची नीट परीक्षा तिसऱ्यांदा देणार आहे. वयाची कमाल अट आता नाही आणि परीक्षा किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही, त्यामुळे थांबायचे की पुढे जायचे हे ठरवण्याचा सगळा भार घरावरच येतो. गावात कोणी म्हणते होऊन जाईल, कोणी म्हणते हा आपल्या आवाक्यातला विषय नाही, आणि दोघांनीही त्याची गुणपत्रिका पाहिलेली नसते. म्हणून विनंती करते, की ज्यांनी पदवीला असताना ही तयारी केली किंवा ज्यांच्या घरात कोणी केली, त्यांनी आपली शक्यता नेमकी कशावरून जोखली ते लिहावे. ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचे अनुभव मला तितकेच हवे आहेत.

कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राचे शिक्षक, यवतमाळ जिल्हा

"सर, इतक्या मार्कांवर लागेल का?" हा प्रश्न मला दर जूनमध्ये विचारला जातो, आणि नुसते गुण ऐकून मी त्याचे उत्तर देत नाही. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते आणि त्या वर्षी आपल्या राज्यात खुल्या प्रवर्गातल्या मुलांना ६०० गुणांवरही शासकीय जागा मिळाली नाही. पुढच्याच वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशातले सर्वोच्च गुण ६८६ होते. अशा वेळी मागच्या वर्षीचे गुण उशाशी ठेवून यंदाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या शासनाच्या सीईटी सेलच्या यादीतला आपला राज्य गुणवत्ता क्रमांक घ्यावा, आपल्या प्रवर्गातली शासकीय जागा शेवटच्या फेरीत कोणत्या क्रमांकावर संपली ते पाहावे, आणि मधले अंतर मोजावे. शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून भरल्या जातात, म्हणून आपल्या मुलांसाठी हीच यादी महत्त्वाची. नीट पात्र झाल्याचे फलक गावात लागतात तेव्हा मला काळजी वाटते, कारण खुल्या प्रवर्गासाठी ५० आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० पर्सेंटाइल (म्हणजे टक्के गुण नव्हे, तर तितके टक्के परीक्षार्थी आपल्या मागे असणे) ही केवळ यादीत येण्याची अट आहे. जागा त्याच्या फार वर संपतात.

ताईंच्या भावाबद्दल एक विचारायचे आहे. त्याने पदवीला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र असा गट घेतला आहे का? तसे असेल तर भौतिकशास्त्र त्याच्या हातून सुटले आहे. नीटच्या १८० पैकी ४५ प्रश्न, म्हणजे १८० गुण, त्या एका विषयाचे आहेत. जीवशास्त्रात ३६० पैकी ३०० घेणारी माझी मुले तिथेच अडकलेली मी पाहिली आहेत. वर विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा आणि नीट पुष्कळदा एकमेकींच्या अंगावर येतात, तोही हिशेब आधीच धरावा.

तीन प्रयत्नांनंतर थांबलेली विद्यार्थिनी, चंद्रपूर जिल्हा

बाबांनी आणि मी पहिल्या निकालानंतरच ठरवले होते, की पदवीचे शेवटचे वर्ष सुरू होण्याआधी निर्णय घ्यायचा. भौतिकशास्त्रात मला पहिल्या वर्षी ४८, दुसऱ्या वर्षी ५३ आणि तिसऱ्या वर्षी ५१ गुण मिळाले. ज्या क्लासला मी जात होते, तिथे दर वर्षी "थोडक्यात हुकलं" असे सांगून पुढच्या बॅचचा अर्ज हातात दिला जात असे. माझा क्रमांक शेवटच्या जागेपासून किती दूर आहे हे मात्र कोणी दाखवले नाही. शेवटी मी स्वतःच वही केली. तीन तासांचे बारा पेपर घड्याळ लावून सोडवले आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरासमोर कारण लिहिले: येत नव्हते, घाई झाली, की अंदाजाने खूण केली. प्रत्येक पेपरात अंदाजाची पंचवीस-तीस उत्तरे चुकत होती आणि प्रत्येकी एक गुण जात होता. ते सारे गुण परत मिळवले असे धरूनही माझ्या प्रवर्गाच्या शेवटच्या क्रमांकापर्यंत मी पोहोचत नव्हते. त्या रात्री मी फार रडले. आता सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. भावाने सगळ्यात चांगल्या पेपरवरून अंदाज बांधू नये, बारा पेपर गुणांप्रमाणे लावून मधला धरावा, एवढेच त्याला सांगा.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, गडचिरोली जिल्हा

माझा क्रमांक अनुसूचित जमातीच्या यादीत बसत होता, तरी मी जवळजवळ बाहेर राहिलो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळे लिहिलेले होते आणि जात वैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला पडताळून घेण्याचा अर्ज आम्ही नीटच्या निकालानंतर केला, ही आमचीच चूक. प्रमाणपत्र कागदपत्रे तपासण्याच्या आदल्या दिवशी हाती आले. राखीव जागेचा क्रमांक धरून शक्यता मोजत असाल तर वैधता हाती आहे का, हे आधी पाहा. इतर मागासवर्गातल्यांनी नॉन क्रिमीलेयरची मुदतही तपासावी. बी.एस्सी.चे नाव काढताना महाविद्यालयातून टीसी आणि मूळ गुणपत्रिका मिळायला दिवस लागतात, तेही लक्षात असू द्या.

मुलीचे वडील, कापूस-तुरीची शेती, वर्धा जिल्हा

मुलीचा क्रमांक शासकीय जागेच्या थोडा बाहेर आणि खासगी जागेच्या आत होता. दोन एकर विकायचे माझ्या मनात आले होते. तालुक्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला समजावले, की शासनाची शुल्क-सवलत सीईटी सेलच्या प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेवर लागू होते, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेवर नाही. आणि साडेचार वर्षांच्या शुल्कात वसतिगृह, मेस आणि पुस्तके धरलेली नसतात. आम्ही सगळ्या वर्षांचा खर्च एका कागदावर मांडला, तेव्हा दोन एकर पुरत नाहीत हे दिसले. मुलीने तो कागद पाहून स्वतःच बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी निवडली, तेही नीटच्याच क्रमांकावर, शासकीय महाविद्यालयात. जमिनीचा विचार मी केला याचे मला वाईट वाटत नाही, पण कागद दोन महिने आधी मांडायला हवा होता.

मुलाचे पालक, गोंदिया जिल्हा

मुलगा दहावीला मामाकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला शिकला. महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला, म्हणजे सरांनी सांगितलेल्या ८५ टक्के जागांना, साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, हे आम्हाला निकालानंतर कळले. सीमेवरच्या लोकांनी क्रमांक पाहण्याआधी हे पाहावे.

धागा सुरू करणारी बहीण

सर्वांचे मनापासून आभार. सर, त्याचा गट तोच आहे, भौतिकशास्त्र सुटले आहे. काल रविवारी त्याने घड्याळ लावून २०२५ चा पेपर सोडवला आणि भौतिकशास्त्रात ६१ आले. तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने स्वतःच वहीला बारा रकाने आखले. पेपर दिवाळीपर्यंत होतील. वैधतेचा अर्ज आम्ही अजून केलेला नाही, त्यासाठी उद्या बाबा आजोबांचा दाखला काढायला जुन्या शाळेत जाणार आहेत.