हॉस्टेलच्या खोलीत फोनवर अभंग रेकॉर्ड करायचाय: तबला खटकतो, आवाज घुमतो

भूपाळी२०

नमस्कार. मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ध्वनीच्या पेपरसाठी पाच मिनिटांचा तुकडा करून द्यायचाय, विषय 'माझा दिवस'. पहिली तीन मिनिटं मेस, बस, कँटीन, लायब्ररीचा जिना असे खरे आवाज आणि शेवटची दोन मिनिटं संध्याकाळी हॉस्टेलवर गातो तो जनाबाईंचा अभंग. चाल माझीच आहे, भूप रागावर, भजनी ठेका. मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी माझा सा. साथीला पेटी, साडेपाच इंची तबला (काळी एकचा), डग्गा आणि टाळाची एक जोडी. हाताशी दोन अँड्रॉइड फोन आणि एक लॅपटॉप, त्यात ऑडॅसिटी (आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर). खोली दहा बाय बारा, फरशीची.

अडचणी अशा:
तबला नीट काळी एकला लावला तरी गाण्याशी कुठेतरी खटकतो. शिवाय दोन टेकनंतर उतरतो, सध्या पाऊस धो धो आहे.
आवाज बाथरूममध्ये गायल्यासारखा येतो.
तबल्याची थाप पडली की माझा आवाज एकदम खाली जातो आणि मग हळूहळू वर येतो.
टाळ वाजले की सगळं फाटतं.
लेक्चर साडेसात ते दीड, त्यामुळे वेळ दुपारचाच मिळतो. सबमिशनला नऊ दिवस आहेत. स्टुडिओ परवडणार नाही.

चाट आणि लव

आधी खटकण्याबद्दल. तुझा कान बरोबर सांगतोय. काळी चारला सा धरलास की काळी एक हा शुद्ध मध्यम होतो. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. म्हणजे तबल्याची प्रत्येक 'ना' (कडेवर वाजणारा बोल) रागात नसलेला सूर ठणठणीत वाजवतेय. तबला कितीही सुरात लाव, तो चुकीच्याच सुरात लागणार.

तबला पंचमाला, म्हणजे काळी दोनला चढवावा असं कुणी सुचवेल. नको. साडेपाच इंची पुडी (तबल्यावरचं चामडं) काळी एकलाच चांगली बोलते. अख्खा एक सूर चढवलास तर लव (मधल्या काळ्या शाईभोवतीचं चामडं) ताणली जाते, नाद कोरडा होतो आणि पुडी फाटायची भीती राहते. काळी दोनला पाच किंवा सव्वापाच इंची तबला हवा. मिळाला तर उत्तम.

नाहीतर गाणंच एक सूर खाली, काळी तीनला घे. काळी तीनचा पंचम म्हणजे काळी एक. तबला आहे तिथेच राहतो आणि बरोबर पंचमात बसतो. चाल वरच्या गंधारापर्यंत जात असेल तर गळ्यालाही सोपं पडेल. फक्त मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत नीट भरतो का ते आधी गाऊन बघ.

आता उतरण्याबद्दल. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि सैल पडतं. त्यामुळे तबला-डग्गा रेकॉर्डिंगच्या तासभर आधी त्याच खोलीत, गवसणी काढून ठेवा. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब असेल तर दीड-दोन फुटांवरून दहा मिनिटं ऊब द्या, मग पंधरा मिनिटं थांबा आणि मगच सूर लावा. गरम असतानाच लावलात तर गार झाल्यावर परत उतरेल. हेअर ड्रायर किंवा इस्त्री जवळ नेऊ नका, शाईला तडे जातात.

सूर लावताना सोळाही घरांवर (कडेच्या वादींमधल्या जागांवर) एकेकदा 'ना' वाजवून ऐका. जे घर उतरलंय तिथे गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हलकी हातोडी, जे चढलंय तिथे गजऱ्याखालून वर. एका घरावर मारलं की लगेच त्याच्या समोरचं घर तपासा, शेजारचं नंतर. सगळीच घरं अर्ध्या सुराहून जास्त उतरली असतील तरच गठ्ठ्यांना (वादींखालच्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावा. आठही गठ्ठे सारखे खाली सरकवायचे, एकच जोरात ठोकला की पुडी एका बाजूला ओढली जाते. आणि प्रत्येक टेकच्या आधी तपासा. दोन टेक जोडायचे असतील तर त्यांच्यात तबल्याचा पाव सुराचा फरकही झाकता येत नाही.

पेटीवादक_नगर

वर सांगितलेल्या काळी तीनच्या उपायाला पेटीवरून पूर्ण दुजोरा. त्यात एक मौज आहे: काळी तीनला सा धरला की भूपाचे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवर येतात. सा काळी तीन, रे काळी चार, ग काळी पाच, प काळी एक, ध काळी दोन. पांढऱ्या पट्टीला हात लावायचाच नाही. पेटीवर बसणारी मुलगी नवखी असली तरी दोन दिवसांत हात बसेल.

तानपुऱ्याचं अ‍ॅप लावणार असाल तर आधी पेटी मोजा. जुन्या पेट्या क्वचितच नेमक्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतात. ट्यूनर अ‍ॅपसमोर मधल्या सप्तकातली काळी तीन एकच स्वर धरून वाजवा. ३७० हर्ट्झ यायला हवा. ३७२ आला तर पेटी साधारण ९ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी आहे, तेवढाच तानपुरा चढवा. पेटी बदलता येत नाही, अ‍ॅप बदलता येतं. हे केलं नाही तर दोन मिनिटं एक बारीक थरथर ऐकू येत राहते आणि ती कुठून येते ते कळत नाही.

भाता सावकाश, अर्धाच उघडून चालवा. रेकॉर्डिंगमध्ये भात्याची फडफड आणि पट्ट्यांची खटखट सुरांच्या बरोबरीने येते. शब्द चालू असताना एकच सप्तक धरा, जोडस्वर आणि कपलर (दुसऱ्या सप्तकातला तोच सूर आपोआप जोडणारी सोय) दोन ओळींच्या मधल्या जागेत. पेटीने गाण्याची प्रत्येक मुरकी गिरवली की शब्द बुडतात.

आवाजाचा_हमाल

रेकॉर्डिंगचं मी सांगतो.

थाप पडली की आवाज खाली जातो, ते फोनचं काम आहे. साधं रेकॉर्डर अ‍ॅप मोठा आवाज आला की आपोआप पातळी पाडतं आणि मग हळूहळू उचलतं. असं अ‍ॅप घ्या ज्यात आपोआप पातळी आणि आवाज-गाळणी दोन्ही बंद करता येतात. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. १६ बिटला मिनिटाला पावणेसहा एमबी लागतात, २४ बिट मिळालं तर साडेआठच्या आसपास. सगळ्यात जोरदार कडवं गाऊन बघा आणि शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. शून्याला लागून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. हळू आलेला वाढवता येतो.

फोन फ्लाइट मोडवर. माइक बहुतेक खालच्या कडेला असतो, कव्हर काढा. पेटी ज्यावर ठेवली आहे त्याच पलंगावर किंवा टेबलावर फोन ठेवू नका, भात्याचे हादरे थेट आत जातात. वेगळ्या खुर्चीवर पुस्तकांची चळत, वर दुमडलेला टॉवेल, त्यावर फोन.

घुमणं फरशीमुळे आणि समोरासमोरच्या उघड्या भिंतींमुळे. खोलीच्या मध्ये टाळी वाजवा, मागे 'झर्र' असं ऐकू आलं तर तेच रेकॉर्डिंगमध्ये येणार. पलंगावरच्या दोन्ही गाद्या उभ्या करा, एक गाणारीच्या मागे, एक फोनच्या मागे. खाली सतरंजी किंवा गोधड्या. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाका. पुन्हा टाळी वाजवा, फरक तिथल्या तिथे कळेल. खोलीच्या बरोबर मध्यावर आणि कोपऱ्यात बसू नका.

बसायची जागा हाच तुमचा मिक्सर. गाणारी फोनपासून दीड फुटावर, तोंड फोनच्या किंचित वरून जाईल असं, म्हणजे 'प' आणि 'भ'ची फुंकर थेट माइकवर येत नाही. तबला-डग्गा चार फुटांवर, पेटी पाच फुटांवर. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, इअरफोनवर ऐका, ज्याचा आवाज जास्त त्याला फूटभर मागे सरकवा. यात एक तास गेला तरी चालेल, नंतर चार तास वाचतात.

पंखा बंद. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असेल तर तीही बंद. दुपारी दोन ते चार मेसची ताटं आणि बादल्या थांबलेल्या असतात, ती वेळ धरा. पत्र्यावरचा पाऊस मात्र कुठल्याही फिल्टरने नीट निघत नाही. सर आली की थांबायचं.

भूपाळी२०

काळी तीनला गाऊन बघितलं, मंद्र धैवत येतो आणि तबला खरंच बसला. सगळ्यांचे मनापासून आभार! दुसरा फोन तबल्याजवळ ठेवू का? आणि टाळांचं काय करायचं?

आवाजाचा_हमाल

दुसरा फोन ठेवा, तबल्यापासून अडीच-तीन फूट उंचीवर. सुरुवातीला सर्वांसमोर एक खणखणीत टाळी वाजवा, ऑडॅसिटीत दोन्ही ट्रॅकवर ती टाळी जुळवायची. दोन फोनची घड्याळं अगदी सारखी चालत नसतात, पाच-सहा मिनिटांत दहा-वीस मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. तुमची दोनच मिनिटं आहेत, तरी शेवटच्या थापेवर तपासा. सरकलं असेल तर कडव्यांच्या मधल्या शांत जागेत कापून पुन्हा जुळवा. तबल्याचा ट्रॅक मुख्य ट्रॅकपेक्षा बराच खाली ठेवा, नुसता चाटीचा (तबल्याच्या कडेच्या आवाजाचा) टोकदारपणा आला की पुरे.

टाळ त्याच वेळी वाजवू नका. खोलीत कुठेही बसवले तरी ते गळ्याच्या माइकमध्ये शिरतात. गाणं पूर्ण झाल्यावर, ते इअरफोनवर ऐकत, फोनपासून आठ-नऊ फुटांवरून टाळ वेगळे रेकॉर्ड करा. इअरफोन वायरचेच हवेत, ब्लूटूथचा आवाज उशिरा पोचतो आणि टाळ मात्रेच्या मागे पडतात. टाळ फोनकडे तोंड करून नको, थोडे तिरपे.

सफाई करताना: प्रत्येक टेकच्या आधी वीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा, नॉइज रिडक्शनला तोच नमुना द्यायचा. ६ ते ९ डेसिबलच्या वर जाऊ नका, नाहीतर चाट आणि टाळ पाण्यात बुडवल्यासारखे येतात. खालचे सूर कापायचा फिल्टर मुख्य ट्रॅकवर फार तर ४० हर्ट्झला. इंटरनेटवर सगळीकडे ८० किंवा १०० सांगतात, ते नुसत्या गळ्यासाठी ठीक आहे. तुमचा मंद्र धैवत १५६ हर्ट्झच्या आसपास आहे, त्याला धक्का लागणार नाही, पण डग्ग्याची घुमक त्याच्याही खाली असते आणि तीच जाते.

कॉरिडॉर

पहिल्या तीन मिनिटांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रत्येक ठिकाणी किमान दोन मिनिटं, फोन न हलवता रेकॉर्ड करा, वापरायचे वीसच सेकंद असले तरी. बसमध्ये आणि गच्चीवर फोनवर जाड सुती मोजा चढवा, वाऱ्याची फडफड बरीच कमी होते. कँटीनमध्ये स्पीकरवर सिनेमाचं गाणं चालू असेल तर तो तुकडा टाकून द्या. नुसती मागे वाजणारी गाणीही ऑनलाइन टाकल्यावर हक्काच्या दाव्यात अडकतात. अभंगाला ती भीती नाही, शब्द शतकांपूर्वीचे आणि चाल तुमची.

'आता गाणं' अशी फट पडू देऊ नका. लायब्ररीच्या जिन्यावरची पावलं चालू असतानाच तानपुरा खाली अगदी हळू सुरू करा, आठ-दहा सेकंदांत चढवा आणि पावलं त्याच वेगाने उतरवा. तानपुरा ऐकू यायला लागला की शेवटचं पाऊल, मग पेटीचा सा. पावलांचा वेग भजनी ठेक्याच्या लयीच्या जवळपास ठेवून रेकॉर्ड केलात तर ठेका आधीपासूनच चालू होता असं वाटतं.

फाइल सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा ऑडिओ म्हणून गेली तर दाबली जाऊ शकते. आणि देण्याआधी वर्गातल्या स्पीकरवर एकदा वाजवून बघा. लॅपटॉपवर डग्गा ऐकूच येत नाही म्हणून मुलं तो वाढवतात आणि वर्गात मग फक्त डग्गाच ऐकू येतो.