निओब्लॅडरनंतर (आतड्यापासून बनवलेलं मूत्राशय) रक्तात क्लोराइड ११३ म्हणजे जास्त, बायकार्बोनेट (ॲसिड मारणारा क्षार) १६ म्हणजे कमी. किडनी बरी असताना ॲसिड कुठून?

राजारामपुरी_८: वडील ६४ वर्षांचे. कॅन्सरमुळे मूत्राशय काढून लहान आतड्याचं निओब्लॅडर केलंय, दोन महिने झाले. भूक मेलीय, मळमळ, धाप. सोडिअम १३८, पोटॅशिअम ३.३, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१. बायकार्बोनेटच्या ५०० मिग्रॅच्या गोळ्या दिल्यात, दोन-दोन, तीन वेळा. त्याऐवजी खायचा सोडा चालेल का?

युरो_वॉर्ड: १३८ वजा (११३ + १६) = ९, म्हणजे ॲनायन गॅप (सोडिअममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून उरतं ते) नॉर्मल. हे ॲसिड आतड्याच्या पिशवीतून येतंय. आतड्याचं अस्तर शोषायचं काम सोडत नाही. लघवीतलं अमोनिअम आणि क्लोराइड रक्तात घेतं, बायकार्बोनेट बाहेर टाकतं. लघवी जितकी साचून राहील तितकं जास्त. म्हणून आधी सांगा, पिशवी किती तासांनी रिकामी करतात? रात्री?

राजारामपुरी_८: दिवसा चार-पाच तासांनी. रात्री झोपमोड नको म्हणून उठवत नाही. बीपीमुळे मीठही बंद केलंय.

युरो_वॉर्ड: मग गोळ्या पुरणार कशा! लघवीची पहिल्यासारखी जाणीव होणार नाही, घड्याळच लावायचं. सध्या दिवसा दर दोन-तीन तासांनी, रात्रीही गजर लावून. बसून, ओटीपोट हाताने दाबून. नंतर सोनोग्राफीत लघवी किती उरते ते बघा. बरीच उरत असेल तर कॅथेटर घालायला शिकवतात. मीठ मनाने तोडू नका, सुरुवातीला या पिशवीतून मीठ-पाणी दोन्ही जातं. बीपीच्या आणि युरोच्या डॉक्टरांना एकत्र विचारा. हृदय-किडनीची मनाई नसेल तर पाणी दोन-तीन लिटर.

औषधवाला_दादा: खायचा सोडा म्हणजे तेच रसायन, पण चमच्याचा भरवसा नाही. सपाट एक चहाचा चमचा साधारण पाच ग्रॅम, म्हणजे दहा गोळ्या एकदम! गोळीच बरी. दुसरं, पोटॅशिअम आधीच कमी, ३.३ आहे, ॲसिड उतरलं की ते पेशींत शिरतं आणि रक्तात आणखी घटतं. पोटॅशिअम सायट्रेट लागेल का, ते डॉक्टरांना आजच विचारा. छातीत धडधड किंवा गुंगी आली तर थांबू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

लॅब_भाऊ: साध्या इलेक्ट्रोलाइटमध्ये बऱ्याच ठिकाणी बायकार्बोनेट नसतं, वेगळं सांगून घ्या. ब्लड गॅस (रक्तातलं ॲसिड मोजायची तपासणी) करायची तर जिथे मशीन आहे तिथेच रक्त द्या. चंदगडहून एसटीने पाठवलेल्या नमुन्याला अर्थ नाही. बी-१२ ची घाई नाही, यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. पण पिशवीसाठी लहान आतड्याचा शेवटचा भाग, जिथे बी-१२ शोषलं जातं, वापरला असेल तर वर्षाला एकदा बघत चला.