मदत हवी आहे: प्रोजेस्टेरॉन २०० की ४००?

ताईंनो, माझ्या धाकट्या जावेसाठी विचारतेय. तिचं पहिलं बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच झालं. आता विसावा चालू आहे, एकच बाळ आहे, पण सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी २२ मिमी आली. २५ पेक्षा कमी म्हणजे आखूड, असं सांगून डॉक्टरांनी, बाळ पुन्हा लवकर होऊ नये म्हणून, रोज रात्री २०० मिलिग्रॅमची प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोन) कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला दिली. तिच्या माहेरच्या ओळखीतले डॉक्टर मात्र म्हणतात ४०० घ्या, शिवाय दर आठवड्याला २५० चं हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन इंजेक्शन. मी वाचलं त्यात २०० चाच उल्लेख जास्त आहे. आणि ते इंजेक्शन तर अमेरिकेत २०२३ मध्ये, उपयोग सिद्ध न झाल्याने, बाजारातून काढलं! सासूबाईंना वाटतं जास्त औषध म्हणजे जास्त बरं. मला काही पटत नाही.

डोस आम्ही आमच्या मनाने बदलणार नाही, तो डॉक्टरच ठरवतील. पण पुढच्या तपासणीला नेमकं काय विचारावं? कुणाला ४०० दिलं होतं का, आणि कारण काय सांगितलं? गर्भाशयाच्या मुखाला टाका घालायचा सल्ला किती लांबीला मिळाला? कॅप्सूल ३६ आठवड्यांपर्यंत चालू होती का? कुणी स्त्रीरोगतज्ज्ञ असाल तर प्लीज सांगा, सोमवारी अपॉइंटमेंट आहे.