मॉडेल विमानांच्या मैदानावर ड्रोन: नियम काय ठेवावेत?

माळावरचा_पायलट
बेळगावजवळ उचगावच्या बाजूला माळावर आम्ही रविवारी सकाळी रिमोटची विमानं उडवतो. आता काही पोरं ५ इंची पंख्यांचे एफपीव्ही ड्रोन (गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचे) घेऊन येणार आहेत. त्यांना नाही म्हणायचं नाही, पण नियम लेखी हवेत. सरकारी काय लागतं आणि मैदानावर काय पाळावं?

कागदपत्र_काका
२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो. ५ इंची बॅटरीसकट साधारण ६००-७५० ग्रॅम भरतो, म्हणजे मायक्रोच. हौसेसाठी उडवताना पायलट सर्टिफिकेट लागत नाही, यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) मात्र हवा. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या मोकळ्या भागात, ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत ही मर्यादा २०० फूट, त्याच्या आत परवानगीशिवाय नाहीच. उचगाव या पट्ट्याबाहेर आहे. तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा त्याच दिवशी सकाळी बघा. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन (उडवायला मनाई असलेला भाग) जाहीर करू शकतो. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तेव्हा तर नक्कीच बघा. हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगडात गेलात तरी नियम तेच, ते केंद्राचे आहेत.

डेडस्टिक
काकांनी कागदाचं सांगितलं. मैदानावरचा धोका वेगळा: ड्रोन हवेत थांबतो, विमानाला थांबता येत नाही. इंजिन बंद पडलेल्या विमानाला तर दुसरी फेरीही मिळत नाही. म्हणून जागा वाटू नका, वेळ वाटा. २० मिनिटं विमानं, २० मिनिटं ड्रोन. सगळे पायलट एका रेषेत उभे राहतील, रेषेच्या मागे काहीही उडणार नाही.

फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपोआप काय करतो ते, प्रत्येकाचा तपासा. जीपीएसवाला ड्रोन सिग्नल तुटला की ठरलेल्या उंचीवर जाऊन होम पॉइंटकडे (जिथून उडाला तिथे) परततो, म्हणून धावपट्टीवरून सोडू नका. बाजूला ठेवून सॅटेलाइट लॉक झाल्यावरच उडवा. जीपीएस नसलेल्या एफपीव्हीला फेलसेफ ‘ड्रॉप’वर ठेवा, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर बंद. ड्रोन फुटेल, पण भरकटत गावात जाणार नाही. याची तपासणी सोपी आहे: प्रॉप (पंखे) काढा, आर्म करा म्हणजे मोटर चालू करा, रिमोट बंद करा. दोनेक सेकंदांत मोटर थांबल्या नाहीत तर त्या दिवशी तो ड्रोन उडवायचा नाही.

माळावरचा_पायलट
वेळ वाटायचं पटलं. पण गॉगल घातलेल्याला आजूबाजूचं दिसतच नाही, त्याचं काय?

रेसबँड
शेजारी स्पॉटर, म्हणजे गॉगल न घालता ड्रोनवर नजर ठेवणारा, हवाच. ड्रोन नियमांत मॉडेलची व्याख्याच नजरेच्या टप्प्यात उडवण्याची आहे. स्पॉटरने मोबाइल खिशात ठेवून ड्रोन आणि आकाश एवढंच बघायचं.

व्हिडिओ ट्रान्समीटर (गॉगलकडे चित्र पाठवणारा) २५ मिलिवॅटवर. एका वेळी दोघंच, व्हिडिओच्या रेसबँड चॅनलांपैकी ४ (५७६९ मेगाहर्ट्झ) आणि ६ (५८४३) वर. कुणी न विचारता बॅटरी जोडली आणि चॅनल तोच निघाला, तर हवेतल्याचं चित्र जातं. म्हणून आधी मोठ्याने चॅनल सांगायचा, ‘मोकळा’ असं ऐकू आलं की मगच बॅटरी जोडायची.

आणि ऊस. तोडणीच्या दिवसांत फडात पाचट वाळलेलं असतं, आपटून चेपलेली लिपो (ड्रोनची लिथियम बॅटरी) काही मिनिटांनंतरही पेट घेऊ शकते. बझर नसलेला ड्रोन उसात सापडत नाही, त्यामुळे बझर सक्तीचा करा. फडात शिरण्याआधी मालकाला विचारा, सोबत वाळूची बादली न्या. चेपलेली बॅटरी गाडीत ठेवू नका, उघड्यावर वाळूत ठेवा.